लेक देऊन केलेले तह



१६६१ च्या एप्रिलअखेर शिवाजी महाराजांनी शृंगारपूर घेतलं. तिथला राजा सूर्यराव सुर्वे पळून गेला. मुलूख हाती आला, पण मुलखातली माणसं अजून यायची होती. सुर्व्यांचा कारभार पिलाजी शिर्के पाहत असत. संगमेश्वरापासून दाभोळपर्यंतच्या त्या डोंगराळ टापूत त्यांच्या शब्दाला वजन होतं. अशा घराण्याशी लढत बसण्यापेक्षा त्याला जोडून घेणं शहाणपणाचं होतं आणि महाराजांनी तेच केलं. पिलाजींची मुलगी जिऊबाई संभाजीराजांना केली आणि आपली मुलगी राजकुंवर पिलाजींच्या मुलाला, गणोजीला दिली. एक लेक आणली, एक लेक दिली. शृंगारपूर घेतलं त्या वर्षी संभाजीराजे चार वर्षांचे होते. यावरून मुलींच्या वयाचा अंदाज तुम्हीच करा.

ही जिऊबाई म्हणजे पुढच्या महाराणी येसूबाई. त्यांची समाधी साताऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, संगम माहुलीत आहे. आज मी त्यांच्याबद्दल बोलणार आहे. त्यांच्या नणंद आणि भावजय राजकुंवर आणि तीन पिढ्यांत याच देवघेवीत खर्ची पडलेल्या आणखी काही बायका यांच्याबद्दलही बोलेन. युरोपच्या इतिहासात पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इटलीकडे बोट दाखवून घराण्यांच्या राजकारणात प्यादं झालेल्या मुलींची गोष्ट नेहमी सांगितली जाते. त्यासाठी आपल्याला इटलीला जायची गरज नाही. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. कृष्णेच्या या पट्ट्यात अशा मुलींच्या खुणा गावोगाव आहेत.

आपल्या आजूबाजूचीच उदाहरणं घ्या. मालोजीराजांच्या पत्नी फलटणच्या निंबाळकरांच्या. शिवाजी महाराजांच्या सईबाई निंबाळकरांच्याच. आणि सईबाईंची लेक सखुबाई पुन्हा निंबाळकरांच्या घरात, बजाजी नाइकांच्या मुलाला, महादजीला दिली. तळबीडच्या मोहित्यांच्या सोयराबाई महाराजांच्या राणी झाल्या आणि त्यांचे भाऊ हंबीरराव यांची मुलगी ताराबाई पुढे राजाराम महाराजांच्या घरात आली. खटाव भागातल्या भोसरे गावचे प्रतापराव गुजर १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत पडले. त्यांची मुलगी जानकीबाई १६८० च्या मार्चमध्ये राजारामांना केली आणि त्यानंतर महिन्याभरातच महाराज गेले. येसूबाईंची मुलगी भवानीबाई तारळ्याच्या महाडिकांकडे दिली. फलटण, तळबीड, भोसरे, तारळे ही सगळी गावं तुमच्या एसटीच्या पाट्यांवर आहेत.

अशी लग्नं करणारे बाप निर्दय होते असं मला म्हणायचं नाही. जानकीबाईंच्या लग्नात तर मला मेलेल्या सरदाराच्या ऋणातून उतराई होण्याची भावना दिसते. सईबाईंवर महाराजांची माया होती हे सर्वश्रुत आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. करार दोन घराण्यांचा होई, त्याचा नफा घराण्यांच्या नावे जमा होई आणि करार मोडला की त्याची भरपाई मात्र त्या मुलीकडून वसूल होई. तीन पिढ्या हे असंच चाललं. आपण इतिहास लिहिताना जमेची बाजू लिहिली. ही वसुली लिहायची राहिली.

शिर्क्यांचं प्रकरण मी मुद्दाम निवडलं, कारण तिथे हा व्यवहार कागदावर इतका उघड आहे तितका क्वचितच कुठे असेल. शिर्क्यांना दाभोळची देशमुखी हवी होती. महाराजांचं धोरण वतनं देण्याच्या विरुद्ध होतं. वतनदार माजला की राज्याला डोईजड होतो, हे त्यांनी आयुष्यभर अनुभवलं होतं. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला: राजकुंवरला मुलगा झाला की वतन त्या नातवाच्या नावे करून देऊ. वतन शिर्क्यांच्या घरातच जाणार, पण भोसल्यांच्या रक्तातून जाणार. राजकारण म्हणून ही तोड अतिशय हुशारीची आहे. पण त्या मुलीच्या बाजूने एकदा विचार करून पाहा. सासरी आलेल्या त्या पोरीच्या पोटाकडे एक अख्खं घराणं डोळे लावून बसलेलं आहे. तिला मुलगा झाला तर देशमुखी, नाही तर नाही. तिचं प्रत्येक बाळंतपण हा एका सनदेचा प्रश्न आहे.

पुढे संभाजीराजे गादीवर आले, तरी देशमुखीचा प्रश्न सुटला नाही. त्यांनी वतन दिलं नाही. मेहुण्यांचं बिनसलं ते बिनसलंच. १६८८ च्या अखेरीला शिर्के संभाजीराजांच्या विश्वासातल्या कवी कलशावर चालून गेले. कलश विशाळगडावर निघून गेला. संभाजीराजे रायगडावरून उतरले आणि त्यांनी शिर्क्यांचा मोड केला. ही लढाई संगमेश्वराच्या परिसरातली, म्हणजे येसूबाईंच्या माहेरच्या अंगणातली. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला भाऊ. राजकुंवरच्या बाजूनं पाहिलं तरी तेच: एकीकडे भाऊ, दुसरीकडे नवरा. ज्या दोन लग्नांनी ही घराणी बांधायची होती त्याच लग्नांतल्या या दोघी त्या दिवशी कुठे होत्या, काय म्हणाल्या, याची नोंद ठेवावी असं कुणाला वाटलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ फेब्रुवारी १६८९ रोजी, मोगल सरदार मुकर्रबखानाने संगमेश्वरी संभाजीराजांना पकडलं. गणोजी शिर्क्यांनी फितुरी केली का, या प्रश्नावर महाराष्ट्रात शंभर वर्षं वाद चालू आहे. निर्णायक म्हणावा असा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. ज्या घराण्यावर इतका भयंकर आरोप करायचा त्याच्या वंशजांना पुरावा मागण्याचा हक्क आहे, आणि तो आपण मानला पाहिजे. पण मला या वादाचं दुसरंच दुःख वाटतं. फितूर कोण, यावर आपण पुस्तकं लिहिली. त्या तहात दिली गेली कोण, हे कुणी विचारलं नाही.

दाभोळच्या वतनाची गोष्ट अजून संपलेली नाही. आठ वर्षांनी, जिंजीच्या वेढ्यात, गणोजी शिर्के मोगलांच्या फौजेत होते आणि आत किल्ल्यात त्यांचे मेहुणे राजाराम महाराज अडकले होते. चिटणीस बखर सांगते की महाराजांना वेढ्यातून बाहेर काढण्यासाठी त्यांचे चिटणीस खंडो बल्लाळ गणोजींना भेटले. गणोजींनी दाभोळचं वतन मागितलं. ते खंडो बल्लाळांकडे होतं. त्यांनी ते सोडून दिलं आणि राजाराम महाराज सुखरूप बाहेर पडले. ही बखर लिहिणारे मल्हार रामराव चिटणीस खंडो बल्लाळांचेच वंशज, तेव्हा आपल्या पूर्वजाची बाजू ते उजळ करून सांगणार हे लक्षात ठेवूनच ती वाचावी. तरीही घटनेचा सांगाडा पाहा. १६६१ नंतर जे वतन राजकुंवरच्या मुलाच्या नावे द्यायचं ठरलं होतं, ते छत्तीसएक वर्षांनी गणोजींना मिळालं, कामगिरीची किंमत म्हणून. या दुसऱ्या व्यवहारात राजकुंवरचं नावसुद्धा येत नाही. जिच्या लग्नापासून हिशेब सुरू झाला ती हिशेबातून केव्हा गळाली, तेही कळत नाही.

आता थोडं मागे, १६७८ च्या डिसेंबरकडे जाऊ. संभाजीराजे सज्जनगडावर होते. तिथून ते माहुलीला आले आणि १३ डिसेंबरला मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले. या प्रसंगाची चर्चा बाप-लेकाच्या बेबनावाभोवती फिरते. राजांबरोबर घरातल्या बायकाही मोगलांच्या गोटात गेल्या, इकडे सहसा लक्ष जात नाही. १६७९ च्या एप्रिलमध्ये दिलेरखानाने भूपाळगड घेतला. आज बाणूरगड म्हणतात तो, सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. गड पडल्यावर कैद केलेल्या सातशे माणसांचे हात तोडले. त्या वर्षाच्या अखेरीला संभाजीराजे निसटून पन्हाळ्याला पोचले. पण त्यांची एक पत्नी, दुर्गाबाई, आणि एक बहीण मोगलांच्या हाती राहिल्या. पुढे कितीतरी वर्षं त्या मोगलांच्या कैदेत होत्या. बाणूरगडावर गेलात तर फिरंगोजी नरसाळ्यांचं नाव तुम्हाला कुणीही सांगेल आणि ते सांगायलाच हवं. दुर्गाबाईंचं नाव घेणारा मला तिथे भेटला नाही.

आणि आता येसूबाई. त्यांच्याकडे पाहिलं की प्यादं हा शब्द अपुरा पडतो. संभाजीराजे १६८१ मध्ये राज्याभिषिक्त झाले आणि पुढची आठ वर्षं बहुतेक घोड्यावरच होते. जंजिरा, गोवा, कर्नाटक, औरंगजेबाशी तर रोजचीच लढाई. रायगडावरचा कारभार येसूबाई पाहत. त्यांना स्वतंत्र शिक्का होता: ‘श्री सखी राज्ञी जयति’. आपण राण्यांचा विचार करताना दागिने, पालखी, देवळं यांचा करतो. शिक्क्याचा अर्थ जरा नीट समजून घ्या. कागदावर हा शिक्का उमटला की हुकूम चाले, दाणागोटा सुटे, वाद तुटे. शिक्का ज्याच्या हाती, राज्याचा विश्वास त्याच्यावर. शृंगारपूरच्या तहात आणलेल्या त्या मुलीला तिच्या नवऱ्यानं हा विश्वास दिला. तिचं माहेर उलटल्यावरही तो काढून घेतल्याचं दिसत नाही. संभाजीराजांच्या चरित्रातली ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

११ मार्च १६८९ ला राजांची हत्या झाली. महिनाअखेर रायगडाला मोगलांचा वेढा पडला. गडावर येसूबाई, जेमतेम सात वर्षांचे शाहूराजे, एकोणीस वर्षांचे राजाराम आणि त्यांचं कुटुंब होतं. सरळ वारसा शाहूंचा. मुलाला गादीवर बसवून स्वतः कारभार हाती घेणं येसूबाईंना शक्य होतं. अनुभव होता, शिक्का होता, आईचा हक्कही होता. त्यांनी राजारामांना पुढे करण्याचा कौल दिला. सगळ्यांनी एका गडावर अडकून पडू नये, राजारामांनी बाहेर पडून फौजा जमवाव्यात, आपण मुलासह गड धरून राहू, अशी मसलत बखरीत त्यांच्याच तोंडी आहे. ५ एप्रिलला राजाराम गडावरून निसटले. प्रतापगड, पन्हाळा करत पुढे जिंजी. रायगड सात महिने लढला आणि ३ नोव्हेंबर १६८९ रोजी पडला. येसूबाई आणि शाहू औरंगजेबाच्या कैदेत गेले.

या निर्णयाला आपण त्याग म्हणतो, आरतीसारखा गातो आणि पुढे जातो. मला तो त्यागापेक्षा राज्यकर्तीचा निर्णय वाटतो. राजा पकडला गेला की राज्य डळमळतं, हे त्यांनी नुकतंच पाहिलं होतं. राजा एकीकडे आणि वारस दुसरीकडे असला, तर एक हरवला तरी दुसरा उरतो, हा त्यामागचा विचार होता. शत्रूला कोणतं ओलीस द्यायचं हे त्यांनी ठरवलं, आणि दिलं ते स्वतःला आणि स्वतःच्या मुलाला. लहानपणी दुसऱ्यांनी त्यांना पटावर ठेवलं होतं. रायगडावर पट त्यांच्या हातात होता, आणि ती खेळी चुकली नाही. त्यानंतर अठरा वर्षं औरंगजेब दख्खनमध्ये झुंजत राहिला आणि राज्य न बुडवताच मेला.

पण किंमत किती? १६८९ ते १७१९. जवळजवळ तीस वर्षं. बादशहाची छावणी हे एक फिरतं शहर होतं. ते जाईल तिकडे या बायकांचे तंबू जात. शाहूराजांना सात हजारी मनसब आणि राजा हा किताब दिलेला होता, बादशहाची मुलगी झीनतुन्निसा त्यांच्यावर माया करी, हे खरं. तरी कैद ती कैद. शाहूंनी धर्म बदलावा असा दबाव आला तेव्हा प्रतापराव गुजरांचे मुलगे त्यांच्याऐवजी मुसलमान झाले, ही हकिकत सातारा भागात घरोघर ठाऊक आहे.

याच छावणीत शाहूंची लग्नं झाली, १७०३ च्या सुमारास. एक मुलगी सिंदखेडच्या जाधवांची, दुसरी कण्हेरखेडच्या शिंद्यांची. दोन्ही घराण्यांचे लोक तेव्हा मोगली चाकरीत होते आणि जुळणी बादशहाच्या मर्जीनं झाली. लग्न झालं तेव्हा नवरदेव कैदी होता, म्हणजे या मुलींना लग्नाबरोबर कैदही मिळाली. बादशहाने सून पाहायची इच्छा दाखवली तेव्हा नवरीऐवजी तिच्याबरोबर आलेली दासी विरूबाई पुढे केली, अशी हकिकत सांगितली जाते. खरी असो वा रचलेली, त्या छावणीत राणीपेक्षा दासीची अब्रू स्वस्त होती एवढं तिच्यातून समजतं. पुढे साताऱ्याच्या राजवाड्यात याच विरूबाईंचा शब्द चाले.

मे १७०७ मध्ये औरंगजेबाचा मुलगा आजमशहा याने शाहूंना सोडलं, पण बिनशर्त नव्हे. आई, बायका आणि सावत्र भाऊ मदनसिंग यांना ओलीस ठेवून. बायकांचा तांडा दिल्लीला गेला आणि शाहू दक्षिणेला. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्याला आई नव्हती. ती आणखी अकरा वर्षं येणार नव्हती.

मधल्या काळात साताऱ्यात नवी लग्नं झाली. शाहूंनी शिर्क्यांची सकवारबाई केली आणि मोहित्यांची सगुणाबाई. नावं पाहून तुम्हाला काही आठवलं असेल. शिर्के म्हणजे वैर धरलेलं आजोळ. मोहिते म्हणजे जिच्याशी गादीसाठी भांडण चालू होतं त्या ताराबाईंचं माहेर. राजाने आल्याबरोबर या दोन घराण्यांतून मुली आणाव्यात हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही. फाटलेलं शिवायला पुन्हा मुलींचाच दोरा वापरला गेला.

१७१८ मध्ये मोगलांचा दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली आणि शाहूंचे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्यात तह ठरला. चौथाई, सरदेशमुखी, स्वराज्याचा मुलूख या कलमांबरोबर मातोश्रींची आणि कुटुंबाची सुटका हे एक कलम होतं. मराठी फौज दिल्लीला गेली, फर्रुखसियर पदच्युत झाला, १७१९ च्या मार्चमध्ये सनदा मिळाल्या. दिल्लीच्या दंग्यात दीड-दोन हजार मराठे मारले गेले. त्यांत नाना फडणिसांचे आजोबा बाळाजी महादेव भानूही होते. जुलैमध्ये येसूबाई साताऱ्याला पोचल्या. गेल्या तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता, आल्या तेव्हा तो सदतिशीचा छत्रपती. शाळेच्या पुस्तकात या मोहिमेवर चौथाईच्या सनदा ठळक अक्षरांत असतात आणि येसूबाईंची सुटका ‘तसेच’ या शब्दानंतर येते. माझ्या मते हा क्रम चुकतो. आईला सोडवणं हा शाहूंच्या राजकारणाचा अकरा वर्षांचा ध्यास होता. दिल्लीशी ते नरमाईनं वागत राहिले, याचं एक मोठं कारण ओलीस ठेवलेल्या त्या बायका होत्या.

बाहेरच्या जगातली एक बाई इथे मला आठवते. लुक्रेझिया बोर्जा, पोप सहाव्या अलेक्झांडरची मुलगी. वडिलांनी तिला १४९३ मध्ये, तेराव्या वर्षी, पेसारोच्या स्फोर्झा घराण्यात दिलं. स्फोर्झांची गरज सरली तेव्हा १४९७ मध्ये ते लग्न रद्द ठरवलं. पुढच्या वर्षी नेपल्सच्या राजघराण्यात दिलं. दोन वर्षांनी नेपल्सशी बिनसलं आणि तिच्या त्या तरुण नवऱ्याचा व्हॅटिकनमध्येच खून झाला. मग १५०२ मध्ये फेरारा. तिथे नवरा मोहिमेवर गेला की ती राज्य चालवी. चांगलं चालवी. एकोणचाळिसाव्या वर्षी बाळंतपणानंतर ती वारली. लोकांच्या आठवणीत मात्र ती विष घालणारी बाई म्हणून उरली. त्याला धड पुरावा नाही. तिचं बदनामीत झालं, येसूबाईंचं स्तुतीत झालं, पण दोघींच्या बाबतीत हरवली एकच गोष्ट: त्यांनी केलेला कारभार.

परत आल्यावर येसूबाई दहा-अकरा वर्षं जगल्या. तो काळ भाऊबंदकीचा होता. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांचं भांडण पेटलेलं होतं. १७३० मध्ये वारणेच्या काठी कोल्हापूरकरांचा तळ शाहूंच्या फौजेनं उधळला तेव्हा ताराबाई, त्यांची सवत राजसबाई आणि राजसबाईंचे पुत्र, कोल्हापूरचे छत्रपती संभाजीराजे, यांच्या बायका साताऱ्याच्या हाती लागल्या. पुन्हा बायका शत्रूच्या तंबूत! पण इथे शाहू वेगळे वागले. त्यांनी सर्वांना मानानं परत जायची मुभा दिली. ताराबाईंनी स्वतःहून साताऱ्यात राहायचं ठरवलं. पुढे कराडजवळ जखिणवाडीला शाहू आणि कोल्हापूरचे संभाजीराजे या चुलत भावांची भेट झाली आणि १७३१ च्या एप्रिलमध्ये वारणेचा तह. वारणेच्या उत्तरेचा मुलूख साताऱ्याचा, दक्षिणेचा कोल्हापूरचा. मिरज, तासगाव साताऱ्याकडे आलं. आजच्या सांगली जिल्ह्याची दक्षिण सीमा बऱ्याच अंशी त्या तहाने आखलेली आहे. या तहात कुणाची लेक दिली-घेतली गेली नाही. ज्यानं आईला ओलीस म्हणून पाहिलं, त्याच्या हातून असा तह व्हावा, याचं मला मनापासून मोल वाटतं.

पण साताऱ्याच्या वाड्यातच पुढे जे घडलं ते शाहूंना रोखता आलं नाही. १७४९ च्या डिसेंबरात ते मृत्युशय्येवर होते. मुलगा नव्हता. सगुणाबाई आदल्या वर्षीच वारल्या होत्या. ताराबाईंनी आपला नातू म्हणून रामराजाला पुढे केलं होतं. सकवारबाईंचा त्याला विरोध होता. त्यांचा कल कोल्हापूरच्या संभाजीराजांकडे आणि त्यांच्या पाठीशी प्रतिनिधी. रामराजाला गादीवर बसवण्याच्या नानासाहेब पेशव्यांच्या बेताला ही राणी आडवी येत होती. १५ डिसेंबरला शाहू गेले. पुढची हकिकत ग्रँट डफने दिली आहे. डफ १८१८ पासून चार वर्षं साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी होता आणि इथल्याच कागदांवरून, इथल्याच माणसांना विचारून त्यानं इतिहास लिहिला. तो सांगतो की आपले बेत लपवण्यासाठी सकवारबाई आधीपासून सती जाण्याची भाषा करत होत्या. पेशव्यांनी ते शब्दच त्यांच्यावर उलटवले. सती न गेल्यास घराण्याची अप्रतिष्ठा होईल हे राणीच्या भावाला पटवून दिलं आणि बहिणीचं मन वळवण्याबद्दल त्याला कोकणात जहागीर देऊ केली. माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, सकवारबाई शाहूंबरोबर जळाल्या.

डफचं सगळंच मी प्रमाण मानत नाही. पेशव्यांबद्दल तो नेहमी न्यायानं लिहितो असंही नाही. पण त्या दिवसाच्या राजकारणाचा हिशेब मांडला तर सकवारबाई जिवंत असण्यात ज्यांचं नुकसान होतं ते सगळे त्या चितेनं मोकळे झाले, हे कुणालाही नाकारता येणार नाही. शिर्क्यांच्या घरात पहिली देशमुखी राजकुंवरच्या कुशीवर ठेवलेली होती. ऐंशी-नव्वद वर्षांनी दुसरी जहागीर दुसऱ्या मुलीच्या चितेवर ठेवली गेली.

माहुलीला तुम्ही सगळे गेलेले आहात. विश्वेश्वराचं देऊळ पाहिलं आहे, घाट पाहिले आहेत. शाहूंच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधीही पाहिली असेल. वाघाच्या तडाख्यातून त्यानं राजाला वाचवलं असं सांगतात, आणि त्या समाधीची ओळख लोकांनी कधी पुसू दिली नाही. ताराबाईंची समाधी तिथेच, पडझड झालेली. येसूबाईंची समाधी नेमकी कोणती, हे मात्र कितीतरी पिढ्या कुणाला सांगता येत नव्हतं. अलीकडच्या वर्षांत सातारच्या अभ्यासकांनी जुने कागद तपासून, जागा ताडून ती निश्चित केली. हे काम विद्यापीठानं किंवा सरकारनं सुरू केलेलं नाही. नोकरी-धंदा सांभाळून मोडी वाचणाऱ्या, रविवारी दगड मोजत फिरणाऱ्या माणसांनी ते केलं. त्यांच्यातले काही आज समोर बसलेले असतील. त्यांना माझा नमस्कार.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. सातारा-सांगलीत जुन्या घराण्यांना तोटा नाही. पाटील, देशमुख, कुलकर्णी, इनामदार, सरदार. पुष्कळांकडे रुमाल बांधून ठेवलेले कागद आहेत, आणि गेल्या काही वर्षांत कुलवृत्तान्त छापण्याची चांगली हौस आली आहे. त्या कुलवृत्तान्तांतली वंशावळ उघडून पाहा. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. मुली एक तर नाहीतच, किंवा ‘कन्या दोन’ एवढ्यावर आटोपलेल्या. सुना आल्या तर माहेरच्या आडनावासकट क्वचित. ज्यांच्यामुळे गाव जोडलं गेलं, वतन आलं, वैर मिटलं, त्यांची नावं त्यांच्याच घरच्या पुस्तकात नाहीत. येसूबाई महाराणी होत्या, तरी त्यांची समाधी हरवली. तुमच्या-माझ्या घरातल्या बाईचं नाव हरवायला एक पिढीही पुरते.

म्हणून रुमाल सोडा. मोडी येत नसेल तर वाचणारी माणसं या दोन्ही जिल्ह्यांत आहेत, त्यांना घरी बोलवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्या, आजी, पणजी यांची माहेरची आणि सासरची नावं विचारा, गावं विचारा आणि ती आजच लिहून ठेवा. पुढची आवृत्ती छापाल तेव्हा प्रत्येक मुलीचं आणि प्रत्येक सुनेचं नाव तिच्या गावासकट वंशावळीत घाला.